आधी विचारणारे उस्ता

लोक मला म्हणतात, "नफूसा, नशीबवान आहेस गं, उस्ता वहबांसारखा शांत नवरा मिळाला." मी म्हणते, शांत माणसाबरोबर चाळीस वर्षं काढून बघा आणि मग बोला. आपण तावातावाने भांडायला जावं, तर समोरचा नुसता ऐकून घेतो. त्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, निदान टेंगूळ तरी येतं!

उस्ता म्हणजे हुन्नरी कारागीर. आमचे उस्ता न्हावी. त्यांचे वडील न्हावी, आजोबाही न्हावीच. कूस शहराच्या अलीकडे, कालव्याच्या पुलापाशी त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. एक खुर्ची, एक तडा गेलेला आरसा आणि दारातलं उंबराचं झाड. गावातले पुरुष दाढीला येतात, केसाला येतात, सुगीला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे गहू घालतात. यात काही विशेष नाही. विशेष आहे ते लहान पोरांचं.

लहान पोराचे केस कापायची आमच्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. न्हाव्याने पोराला दोन गुडघ्यांत गच्च आवळायचं, आईने हात धरायचे, मावशीने हनुवटी धरायची, आणि ते बोंबलतंय तोवर वस्तरा फिरवून मोकळं व्हायचं. आमचे उस्ता पोराला मोठ्या माणसासारखं खुर्चीवर बसवतात. मग स्वतः समोर उकिडवे बसतात, म्हणजे दोघांचे डोळे सारख्या उंचीवर येतात. फणी त्याच्या हातात देतात, कात्री लांबूनच दाखवतात आणि विचारतात, "कापू का?"

पोर हो म्हणालं तर कापतात. नको म्हणालं तर फणी परत घेतात आणि म्हणतात, "बरं. उद्या ये."

आयांचा नुसता संताप होतो. एकदा आमच्या गल्लीतली बदूर तीन दिवस रोज पोराला घेऊन येत होती. चौथ्या दिवशी तिचा धीर सुटला.

"अहो उस्ता, दीड वितीचं कार्टं ते! त्याला काय विचारायचं?"

"मग कुणाला विचारू? डोकं कुणाचं आहे?"

"डोकं असेल त्याचं, पण त्या डोक्यातल्या उवा माझ्या घरभर फिरतायत!"

उस्तांनी मान डोलावली. म्हणाले, "हे त्याला सांगितलंस का?"

तिने नव्हतं सांगितलं. तीन वर्षांच्या पोराला कोण सांगतं? उस्तांनी सांगितलं. म्हणाले, "बाबा रे, तुझ्या उवा आईला चावतात, तिला झोप लागत नाही." पोराने आईकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणालं, "मग काप." बदूर तोंडात पदर कोंबून हसत होती. पण गावाने उस्तांची थट्टा करायची ती केलीच. वहबाकडे पोर न्यावं ईदला, केस कापून मिळतील पुढल्या ईदला, असं अजून म्हणतात.

हे वेड त्यांच्या डोक्यात शिरलं कुठून, ते मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते, तर केसांत मागच्या बाजूला बोटाएवढा चट्टा हाताला लागला. विचारलं तर म्हणाले, "पाच वर्षांचा होतो. तिथे फोड आला होता. बाबांना सांगत होतो, फोड आहे, फोड आहे. त्यांना वाटलं, पोरगं चुकवाचुकवी करतंय." बापाने गुडघ्यांत आवळून वस्तरा फिरवला. फोड कापला गेला, आठ दिवस ताप. मी हळहळले. तर हे काय म्हणाले असतील? "वस्तऱ्याचं काही नाही गं. ते भरून आलं. पण मी सांगितलं होतं." तिशीचा माणूस, आणि 'मी सांगितलं होतं' हे अगदी पाच वर्षांच्या आवाजात म्हणाला. तेव्हापासून मी त्यांच्या विचारण्याला हसणं कमी केलं. बंद केलं असं नाही म्हणणार, खोटं कशाला बोलू?

आम्हाला एकच मुलगी, इन्साफ. तिलाही यांनी तसंच वाढवलं. ती चार वर्षांची असताना लक्सरहून माझी नणंद आली. आल्या आल्या, "ये गं, आत्याला पापा दे." इन्साफ म्हणाली, "नको. आत्याचं तोंड टोचतं." आता नणंदेला मिशा होत्या ही गोष्ट खरी, पण तोंडावर कुणी बोलायचं? मी पोरीला धपाटा घालायला हात उचलला. उस्ता मधे आले आणि पोरीला विचारतात, "पापा नको ना? मग आत्या आलीय याचा आनंद झाला ते तिला कसं सांगशील?" इन्साफने विचार केला आणि आपला हात पुढे केला. नणंदेने तो घेतला, पण पुढे वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही. माझ्या मते त्यात आमचा फायदाच झाला.

पुढे जाबिरचं स्थळ आलं तेव्हाही तेच. चांगला कमावता मुलगा, उसाच्या गाड्यांवर मुकादम. मी तर शिरणी वाटायला निघाले होते. उस्तांनी इन्साफला विचारलं आणि गप्प बसले. पोरीने उत्तर द्यायला अकरा दिवस लावले. अकरा दिवस! जाबिरची आई रोज निरोप पाठवतेय, मी रोज खोटी कारणं सांगतेय, आणि हा माणूस शांतपणे वस्तरा परजतोय. बाराव्या दिवशी ती हो म्हणाली. नको म्हणाली असती तर? मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, "मग नको."

इन्साफचं पहिलं मूल चाळीस दिवसांचं होऊन गेलं. दुसरं तीन महिन्यांचं. दुसऱ्या वेळी ती रडलीसुद्धा नाही. दुपारभर रिकामी झोळी हलवत बसायची. उस्ता तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहायचे, एक शब्द न बोलता. मी मात्र बोलायचे. मला गप्प बसवत नाही, काय करू?

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मीच तिला शेख नुवेरांच्या दर्ग्यावर नेलं. आमच्या भागात पोरं जगत नाहीत त्या बाया तिथेच जातात. जाळीला हात लावून इन्साफने नवस बोलला, मूल जगलं तर सात वर्षं त्याच्या केसाला लोखंड लावणार नाही, सातव्या वर्षी उरुसाच्या दिवशी इथेच केस उतरवीन आणि मेंढा देईन. मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं शहाता, म्हणजे मागून आणलेला, भिकेचा. कुणाची नजर लागू नये म्हणून. इन्साफने सात घरी पदर पसरून चिंध्या मागितल्या आणि त्यांचंच त्याचं पहिलं अंगडं शिवलं. मुकादमाची बायको दारोदार भीक मागत फिरली, आणि एकाही घराने तिला रिकाम्या हाती पाठवलं नाही.

शहाता जगला. केस वाढले, कमरेपर्यंत आले. इन्साफ रोज सकाळी लाकडी फणीने ते विंचरायची, त्यात निळे मणी ओवायची. बाहेरगावचे लोक म्हणायचे, काय गोड मुलगी आहे. तो म्हणायचा, "मुलगी नाही, नवसाचा आहे." चुणचुणीत पोरगं, आणि आजोबांचं तर शेपूटच. दिवसभर उंबराखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना धीर द्यायचा. "घाबरू नको रे. नको म्हटलं तर नाही कापत ते."

सातवं वर्ष सरत आलं. उरूस महिन्यावर आला आणि घरात गडबड सुरू झाली. जाबिरने मेंढा आणून बांधला, मी पांढरा सदरा शिवायला टाकला. आणि शहाता एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. ताटात पडेल ते खायचा. एका शब्दात अंघोळीला जायचा. एक दिवस त्याने आपला भोवरा चुलतभावाला देऊन टाकला. ज्या भोवऱ्यासाठी पूर्वी डोकी फुटायची, तो! मग पाळलेलं कबूतर बदूरच्या पोराला दिलं. रबरी चेंडू दिला. उरुसाच्या आदल्या दिवशी त्याने आपली नवी चप्पल धुऊन आईच्या उशाशी ठेवली. मी बदूरला कौतुकाने सांगितलं, "बघ, नवस फिटायला आला तशी पोराला अक्कल आली. दानशूर होणार माझा नातू."

उस्ता तेवढे म्हणाले, "नफूसा, याला काहीतरी होतंय."

मी म्हटलं, "तुम्हाला बाई चांगलं बघवतच नाही."

उरुसाच्या दिवशी अर्धं गाव आमच्याबरोबर निघालं. पुढे ढोल, सनई, मागे आम्ही बाया टाळ्या पिटत, आणि घोड्यावर शहाता. पांढरा सदरा, डोळ्यांत काजळ, पाठीवर तो केसांचा झोत. दर्ग्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मेंढा कापला गेला, मटणाच्या देगी चुलीवर चढल्या. उस्तांनी आपली पेटी उघडली, खुर्ची मांडली, नातवाला बसवलं. दर्ग्याची देखभाल करणारे खादिम पांढरा रुमाल हातात धरून उभे राहिले, केस त्यात घ्यायचे म्हणून. इन्साफ पहिल्या रांगेत, हात छातीशी धरून. सात वर्षं तिने हा दिवस मोजला होता. या दिवसापर्यंत पोर आपलं नाही, उसनं आहे, असंच तिला वाटायचं. नवस फिटला की तिला पहिल्यांदा सुखाची झोप लागणार होती.

उस्ता नातवासमोर उकिडवे बसले. फणी त्याच्या हातात दिली. आणि विचारलं, "कापू का?"

मला वाटलं, हे आपलं सवयीने विचारतायत. लोकही हसले.

शहाता म्हणाला, "नको."

सनई वाजत होती म्हणून काहींना ऐकू गेलं नाही. मला ऐकू गेलं. उस्तांनी कात्री पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "बरं."

"बरं काय, बरं काय!" जाबिर पुढे आला. "सासरेबुवा, इतर दिवशी तुमचं सगळं ऐकून घेतलं. आज नाही. गाव जमलंय, देगी चढल्यायत."

खादिम म्हणाले, "उस्ता, नवसाची वेळ टळतेय. टळलेला नवस उलटतो."

इन्साफचा चेहरा पांढराफटक पडला. मी तर ओरडलेच, "अहो, कापा हो! पोरगं आहे ते, पोराचं काय ऐकता? जिवाशी खेळ चाललाय का?"

उस्ता तसेच समोर बसून राहिले. शहाताही बसून राहिला, फणी मुठीत धरून. मग पोराने हळूच विचारलं,

"आजोबा, इथे पांघरूण आहे का?"

"पांघरूण कशाला रे?"

"आज रात्री मी कुठे झोपायचं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग चार जण हसले. आणि आमचे उस्ता, ज्यांचा आवाज चाळीस वर्षांत दुकानाबाहेर गेला नाही, ते उभे राहून गरजले, "कुणी हसायचं नाही!" ढोलवाल्याचा हात जागच्या जागी थांबला.

परत खाली बसून त्यांनी विचारलं, "तू कुठे झोपणार असं तुला वाटतं?"

"इथेच. शेखांकडे." त्याने जाळीकडे बोट दाखवलं. "केस दिले की मग मलापण द्यायचं ना? आजी म्हणते, मी शेखांचा आहे. आई मला नुसती सांभाळते."

हे मी तुम्हाला मघाशी सांगितलं नाही. लाज वाटली. मी म्हणत होते तसं. एकदा नाही, शंभरदा म्हटलं असेल. जेवायला उशीर केला, "थांब, देऊन टाकते शेखांना." कपडे मळवले, "असल्या घाणेरड्या पोराला शेख परत घेतील बघ." लाडाने म्हणायचे हो, हसत म्हणायचे. गल्लीतल्या सगळ्या बाया म्हणतात नवसाच्या पोरांना, माझ्या आईनेही माझ्या भावाला म्हटलं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि ते पोर महिनाभर आपलं सामान वाटत होतं. चप्पल धुऊन ठेवत होतं. आम्हाला अक्कल दिसत होती त्यात.

उस्तांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"नफूसा, तू घातलेली गाठ आहे. तूच सोडव."

आता मी काही गरीब गाय नाही. गावात माझ्या तोंडाला लागायला पुरुष घाबरतात. त्या सगळ्या माणसांसमोर मी खाली मातीत बसले, नातवाच्या समोर, उस्तांसारखी उकिडवी. गुडघे कडकड वाजले.

"शहाता, मी खोटं बोलले."

"थट्टेत?"

"थट्टेत बोललं तरी खोटं ते खोटंच. तू शेखांचा नाहीस. तू तुझ्या आईचा, बापाचा. आमचा. तू आमच्याबरोबर घरी येणार."

"केस नसले तरी?"

"केस नसले तरी."

"मी वाईट वागलो तर?"

"तर मी ओरडेन. जोरात ओरडेन, तुला माहितीये. पण घर तुझंच."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हिशेब पटत नाही तसं माणूस पाहतं ना, तसं. महिनाभराची भीती चार वाक्यांत जाते थोडीच?

उस्तांनी परत विचारलं, "आता कापू का?"

"आज नको," शहाता म्हणाला.

जाबिर म्हणाला, "पुरे झालं. उरुसात दुसरा न्हावी आहे. मी बोलावतो, दोन मिनिटांत काम होईल." तो वळलासुद्धा. खादिमांनी मान हलवली. सगळ्यांनी हलवली. खरं सांगते, माझ्याही मनात आलं, होऊन जाऊ दे एकदाचं, पोर रडेल आणि विसरेल.

"नाही," इन्साफ म्हणाली.

ती सरळ चालत दर्ग्याच्या जाळीपाशी गेली, सात वर्षांपूर्वी जिथे हात लावला होता तिथेच हात लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शेख, मेंढा दिला. केस पोराचे आहेत आणि पोर आज नको म्हणतंय. तुम्हाला रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवा. त्याच्यावर नाही." मग येऊन तिने शहाताला खुर्चीवरून उचललं. सात वर्षांचा घोडा, पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. तसाच कडेवर घेऊन ती घरी चालत निघाली. दीड कोस. एकदाही खाली ठेवला नाही.

लोकांनी मटण खाल्लं. खाताना आमच्या नावाने खडे फोडले, पण खाल्लं.

नवव्या दिवशी शहाताला ताप भरला.

काय सांगू त्या चार दिवसांचं! गल्लीतल्या बाया दारात यायच्या, नुसत्या बघायच्या. जाबिरने सासऱ्याशी बोलणं टाकलं. इन्साफ पोराच्या नाकाशी बोट धरून बसायची. मी उस्तांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमच्या विचारण्यापायी जाईल माझं पोर. त्यांनी ऐकून घेतलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून एका गिऱ्हाईकाची हनुवटी कापली. पाचव्या दिवशी पहाटे ताप उतरला, पोराने खजूर मागितले आणि मी अंगणात जाऊन पोटभर रडले.

नंतर एकदा मी त्यांना विचारलं, "काही बरंवाईट झालं असतं तर?"

"मला काय माहीत, नफूसा?" ते म्हणाले. "मला पण भीती वाटत होती. तुझ्यापेक्षा जास्त. पण तो नको म्हणाला होता. मी ऐकलं नाही असं कसं करू?"

त्यानंतर केसांचा विषय कुणी काढला नाही. इन्साफ रोज विंचरत राहिली. थंडी गेली, ऊसतोडणी संपली. एका सकाळी दुकानात दोन म्हातारे दाढीला बसले होते. शहाता आला आणि त्यांच्यामागे फळीवर बसला. नंबर आला तसा खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "उस्ता, माझे."

'आजोबा' नाही, 'उस्ता.' गिऱ्हाईक होऊन आला होता.

"आईला बोलवू का?" उस्तांनी विचारलं. "तिचा नवस आहे."

"आईला सांगून आलोय. ती म्हणाली, मला जेव्हा वाटेल तेव्हा. केस ती नंतर शेखांना नेऊन देणार आहे."

तरी उस्ता समोर बसले, फणी दिली आणि विचारलं, "कापू का?" म्हातारे सांगतात, पोर खळखळून हसलं. "हो म्हणतोय ना!" उस्तांनी कापले. सगळे उतरवले, मऊ हाताने, एक ओरखडा नाही. संध्याकाळी मला म्हणाले, डोळ्यांत पाणी आल्यामुळे दोनदा थांबावं लागलं. "गिऱ्हाईक म्हणालं, उस्ता, घाई नाही."

मी तेव्हा घरी होते. आमच्याकडे भाकरीचं पीठ उन्हात फुगवतात. मातीच्या थाळ्यांवर गोळे थापायचे, अंगणात ओळीने मांडायचे आणि ऊन त्यांना वर काढतं. त्या वेळी कुणी हात लावायचा नाही. लावला की हवा जाते आणि भाकरी दगड होते. अकरा थाळ्या मांडल्या होत्या मी. चांगल्या टम्म फुगत आल्या होत्या. फाटकातून शहाता आला. चकचकीत डोकं, केवढेसे कान, ओळखू येईना. मी "अगं बाई!" म्हणून उठणार, तेवढ्यात तो पहिल्या थाळीपाशी बसला. माझ्याकडे बघत त्याने बोट पुढे केलं आणि गोळ्यात खुपसलं. पार तळापर्यंत. पीठ फुस्स करून बसलं.

मग दुसरी थाळी. मग तिसरी. चुकून नाही, खेळत नाही. प्रत्येक वेळी आधी माझ्याकडे बघायचा, मग बोट. चेहऱ्यावर हसू नाही. अकराच्या अकरा.

माझ्या तोंडात काय काय आलं म्हणून सांगू! साठ वर्षांची जीभ आहे ही, तिला वळण लावायला कुणी बसलं नव्हतं. पहिले चार शब्द तर दातांपर्यंत आले होते आणि ते कुठले ते तुम्हाला ठाऊक आहे. मी ते गिळले.

"शहाता!" मी ओरडले. "माझ्या अकरा भाकऱ्यांची वाट लावलीस! मला राग आलाय! फार राग आलाय!"

तो थाळ्यांपाशी उभा, बोटाला पीठ, श्वास रोखून.

"आता?" त्याने विचारलं.

"आता काय! आता बसलेल्या भाकऱ्या खायच्या सगळ्यांनी. तू पण. ये इकडे, हात पूस."

तो आला. पण हात पुसला नाही. माझ्या मांडीवर ते उघडं, उन्हाने तापलेलं डोकं ठेवलं, आणि बघता बघता भर दुपारी अंगणात गाढ झोपून गेला. भट्टी पेटून बसली होती. माशा भाकऱ्यांवर बसायला लागल्या. इन्साफ आली, दारातच थांबली आणि तिथेच खाली बसली. मी तिला खुणेने सांगितलं, भाकऱ्या तू घाल भट्टीत, मी काही उठत नाही.